दुरुस्ती मोडचा पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत ठेवा: किनाऱ्यावरच्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
चेअरमन, सचिव आणि सर्व संचालक,
मच्छीमार सहकारी सोसायट्या व गावोगावच्या पतसंस्था,
हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत

सप्रेम नमस्कार.

१ जूनला मासेमारी बंदी लागली की होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि सोसायटीच्या कचेरीत वर्षभराचं तुंबलेलं कागदकाम बाहेर निघतं. ऑडिटची तयारी, डिझेल परताव्याची प्रकरणं, कर्जखात्यांचे उतारे, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल. हे सगळं आता कॉम्प्युटरवर होतं. आणि किनाऱ्यावरची लाइट सगळ्यात जास्त जाते तीही याच दिवसांत. मी या पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पावसाळ्यात तुमच्या कचेऱ्यांमधून मला फोन येतात, तिथे गेल्यावर जे दिसतं ते सर्वांसमोर एकदा स्पष्ट मांडावं, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असली, की चालू मशीन धाडकन बंद पडतं. डिस्कवर अर्धी लिहिलेली नोंद तशीच लटकत राहते. पुन्हा चालू करताना मशीन आपली डिस्क आपणच तपासतं आणि बहुतेक वेळा सावरतं. नाही सावरलं, तर रोजचा पडदा येतच नाही. विंडोज असेल तर दुरुस्तीचे पर्याय दाखवणारा निळा पडदा येतो. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरली जाणारी मोफत प्रणाली, असेल तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: ‘गिव्ह रूट पासवर्ड फॉर मेन्टेनन्स’. दुरुस्ती मोड म्हणतात तो हा. सेफ मोड, रिकव्हरी, रेस्क्यू, सिंगल युजर अशी त्याची नावं आहेत आणि त्यांच्यात तांत्रिक फरकही आहेत. संचालकांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की इथे अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे लिनक्सच्या भाषेत रूट म्हणून, जो आत शिरतो त्याच्या हातात अख्खं मशीन येतं. कुठलीही फाइल तो वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो, दुसऱ्या कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो. तुमच्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते, ती इथे राहत नाही, कारण ते सॉफ्टवेअर त्या वेळी चालूच नसतं.

एका संस्थेत घडलेली गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही. एका कर्जदाराचे दोन हप्ते पावतीबुकात होते, कॉम्प्युटरवरच्या खात्यात नव्हते. त्या दिवसांच्या कॅशबुकाच्या छापील पानांवर मात्र ते होते. म्हणजे नोंद झाली होती आणि मागाहून नाहीशी झाली. संशय सरळ क्लार्कवर गेला, कारण सॉफ्टवेअरचा पासवर्ड तिच्याकडे होता. मला मशीन बघायला बोलावलं. विंडोजचं मूळ अॅडमिनिस्ट्रेटर खातं चालू होतं आणि त्याचा पासवर्ड रिकामा होता. सेफ मोडमध्ये जायचं, ते नाव निवडायचं आणि एंटर दाबायचं, एवढंच. त्या कचेरीत पावसाची सर आली की माणसं आडोशाला आत येऊन बसतात, दुपारी जेवणाच्या वेळी कचेरीत एखादंच माणूस असतं, आणि त्याच उन्हाळ्यात मशीन एकदा दुरुस्तीला बाहेर जाऊन आलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याने जुना बॅकअप वर चढवला असेल. कोणी मुद्दाम फाइल बदलली असेल. कोणी केलं ते मशीनवरून ठरवता येत नाही, असं मी लिहून दिलं. ते खरं होतं, पण त्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पावत्या खऱ्या ठरल्या, हप्ते पुन्हा चढवले गेले, कर्जदाराचं भागलं. तिच्यावर घेतलेला संशय मात्र कोणी सभेत मागे घेतला नाही. तिने नोकरी सोडली.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चोरी कोण करणार, सगळी ओळखीची माणसं. मला चोरापेक्षा या मुलीची काळजी जास्त वाटते. मशीन उघडं असलं की दोषी सापडत नाही आणि निर्दोष माणसाला आपण निर्दोष आहोत हे दाखवता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. परवानगी नसताना दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये गैरहेतूने शिरून माहिती बदलली तर त्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कायदा आहे, पण बोट कोणाकडे दाखवायचं? ज्या मशीनवर कोणीही अॅडमिनिस्ट्रेटर होऊ शकतो, त्या मशीनवरचा पुरावा पहिल्याच उलटतपासणीत कच्चा पडेल.

हा मोड मुळात इतका उघडा का, त्याला कारण आहे. लिनक्स ज्या धाटणीवर बेतलं आहे ते युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जन्मलं. त्या काळची मशीनं स्वतंत्र खोलीत असायची, खोलीला कुलूप असायचं आणि आत जाणारी माणसं मोजकी. मशीनशेजारी उभा असलेला माणूस विश्वासाचाच, असं धरून पुढची बरीच रचना झाली. फ्रीबीएसडी नावाच्या युनिक्सच्या वंशजात आजही एका फाइलीत नोंदवावं लागतं की समोरचा कन्सोल, म्हणजे मशीनचा पडदा आणि कीबोर्ड, सुरक्षित जागी आहे की नाही. नाही असं नोंदवलं, तरच सिंगल युजर मोड पासवर्ड विचारतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तो मोड पासवर्ड न विचारता उघडायचा. सातव्या आवृत्तीपासून रेस्क्यू मोड रूटचा पासवर्ड मागू लागला. आता आपल्या कचेऱ्या डोळ्यांसमोर आणा. मशीन काउंटरवर, काउंटरसमोर बाकडं, बाकड्यावर डिझेलच्या चिठ्ठीसाठी थांबलेले तांडेल आणि खलाशी, मागे बाजारहाट करून आलेल्या बायका. कुलूपबंद खोली कुठे आहे?

विंडोजची तऱ्हा वेगळी. एक्सपी होम या जुन्या विंडोजमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर नावाचं खातं रोजच्या पडद्यावर दिसायचंच नाही, सेफ मोडमध्ये गेलं की प्रकट व्हायचं, आणि त्याला पासवर्ड नसायचा. त्यानंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते खातं मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, ही चांगली सुधारणा. पण सॉफ्टवेअर बसवणारी मंडळी परवानग्यांची कटकट नको म्हणून तेच खातं चालू करतात, पासवर्ड रिकामा सोडतात आणि निघून जातात. रिकाम्या पासवर्डाने दुसऱ्या मशीनवरून, नेटवर्कवरून, आत शिरता येत नाही, ती सोय विंडोजने केलेली आहे. समोरच्या खुर्चीत बसलेल्याला मात्र काही आडकाठी नाही. शिवाय कित्येक कचेऱ्यांत जुन्या सॉफ्टवेअरपायी अजून विंडोज ७ चालू आहे. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या मशीनांना नव्याने सापडणाऱ्या दोषांवर नेहमीचे अपडेट येत नाहीत. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

ज्यांनी लायसनचा खर्च वाचवायला लिनक्स घेतलं, त्यांनी आपलं मशीन नेमकं कसं वागतं ते आधी बघून घ्यावं, कारण इथे एकाच प्रसंगी तीन तऱ्हा दिसतात. रूटला पासवर्ड असेल तर तो मागितला जातो. उबुंटू नावाच्या लिनक्समध्ये रूटचं खातं सुरुवातीपासून कुलपात असतं, आणि तिथे दुरुस्ती मोड पासवर्ड न मागता ‘प्रेस एंटर फॉर मेन्टेनन्स’ म्हणतो. एंटर दाबला की माणूस रूट. डेबियन नावाच्या दुसऱ्या लिनक्समध्ये रूट तसाच कुलपात असेल तर मशीन उलट टोकाला जातं: रूटचं खातं बंद आहे, आत सोडता येत नाही, एवढं सांगून अडून बसतं. म्हणजे एक सगळ्यांना आत घेतं आणि दुसरं खऱ्या मालकालाही बाहेर ठेवतं. दोन्हींवर उपाय एकच. रूटला चांगला पासवर्ड द्यायचा आणि तो संस्थेकडे जपून ठेवायचा.

पण नुसता रूटचा पासवर्ड देऊन भागत नाही, हे तुमचं मशीन बसवणाऱ्याला ठासून सांगा. मशीन चालू होताना ग्रब नावाचा मेनू येतो. तिथे सुरुवातीची आज्ञाच बदलून पासवर्डाच्या पायरीला वळसा घालता येतो. म्हणून ग्रबलाही स्वतःचा पासवर्ड हवा. तो देताना एक खबरदारी घ्यावी लागते. काही लिनक्समध्ये ग्रबला पासवर्ड दिला की रोजचं साधं चालू होणंही पासवर्डावर अडतं. सकाळी कचेरी उघडणाऱ्या शिपायाला मशीन सुरू करता आलं पाहिजे, म्हणून रोजची नोंद मोकळी ठेवायची आणि आज्ञा बदलायला व दुरुस्ती मोडला तेवढा पासवर्ड लावायचा. ही सोय ग्रबमध्येच आहे. ज्याला ती माहीत नाही, त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

आता माझ्याच धंद्यातल्या भावांचं म्हणणं. ते तुमच्या कानावर येणारच, म्हणून आधी उत्तर देतो. ते म्हणतात, उघडं आहे ते बरं आहे. जुलैत घाट बंद, रस्ता खचलेला, मशीन अडलं तर फोनवरून सांगून दोन मिनिटांत उघडता येतं. पासवर्ड लावलात आणि विसरलात, तर कोण येणार? हे म्हणणं हलकं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. २०२१ मध्ये मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं आणि २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी मशीन ज्याच्या हाती लागेल त्याने ते चालू करावं, सभासदांची नोंद वाचवावी, असं कोणालाही वाटेल. कुलूप लावून किल्ली हरवण्याचे प्रकारही झालेत. एका सोसायटीत रूटचा पासवर्ड फक्त मशीन बसवणाऱ्या मुलाला ठाऊक होता. तो आखातात गेला, नंबर बदलला, आणि ऐन ऑडिटच्या तोंडावर मशीन ‘मेन्टेनन्स’ म्हणून अडून बसलं. शेवटी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडावी लागली.

पण त्या प्रकरणात घोटाळा पासवर्ड असल्याने झाला नव्हता. तो एकाच माणसाच्या डोक्यात होता, संस्थेकडे नव्हता. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायचं आपल्या पतसंस्थांमध्ये जुनं वळण आहे. मॅनेजर सुट्टीवर गेला म्हणून कोणी तिजोरी उघडी टाकत नाही, आणि सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेलाही देत नाही. या पासवर्डाला तेच वळण लावायचं. चेअरमन आणि सचिव यांच्यासमोर पासवर्ड ठरवा, कागदावर ठळक अक्षरात लिहा, पाकीट बंद करून जोडावर दोघांच्या सह्या आणि तारीख घाला, पाकीट तिजोरीत ठेवा. पासवर्ड बदलून पाकीट ठेवल्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये करा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका, प्रोसिडिंग अनेकांच्या हातात जातं. कोणाला मोड उघडावा लागला की पाकीट फोडायचं, कोणी आणि कशासाठी ते लिहायचं, काम झालं की पासवर्ड बदलून नवं पाकीट. वादळात फोनवरून सांगायची वेळ आली, तर सचिव पाकीट फोडून सांगेल, आणि चार दिवसांनी नवा पासवर्ड पडेल. पूर येणाऱ्या गावांत पाकिटाची दुसरी प्रत उंचावरच्या एखाद्या ठिकाणी, बँकेच्या लॉकरमध्ये असली तर उत्तम.

पासवर्ड निवडतानाही आपल्याकडच्या लोकांना नडणारी एक गोष्ट आहे. तुमच्या क्लार्कचा हात मराठी टायपिंगवर बसलेला असतो, पण दुरुस्ती मोडमध्ये आणि ग्रबमध्ये कीबोर्ड साधा इंग्रजी असतो. देवनागरीत पासवर्ड देऊ नका. चिन्हांनी भरलेलाही देऊ नका, कीबोर्डची मांडणी बदलली की ती चिन्हं दुसऱ्याच कळांवर जातात. साधी लहान इंग्रजी अक्षरं घ्या, चार-पाच असंबद्ध शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा. अंक घेतलेत तर ते अक्षरांच्या वरच्या ओळीतून टाइप करा, कारण बाजूचा अंकांचा गट त्या वेळी चालू असेलच असं नाही. आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, टिंबही नाही आणि ताराही नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून लोक मशीन पुन्हा बंद करतात, आणि डिस्क आणखी बिघडते. पाकिटातल्या कागदावर खाली ही सूचना मराठीत लिहून ठेवा.

एवढं करूनही सगळं सुरक्षित झालं असं मी सांगणार नाही. विंडोज बसवायच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं तर तुमचा विंडोजचा पासवर्ड मध्ये येतच नाही. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, पासवर्ड देऊन पेनड्राइव्हवरून चालू होणं बंद करावं लागतं. टेबलावरच्या पुष्कळ मशीनांत आतलं नाण्याएवढं सेल काढलं की बायोसचा पासवर्डही जातो, म्हणून कॅबिनेटला कुलूप हवं. आणि कोणी डिस्कच काढून नेली, तर तिच्यावरची माहिती सांकेतिक रूपात असेल तरच ती सुरक्षित राहते: विंडोजमध्ये बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स. आपल्याकडे खाऱ्या हवेने मदरबोर्ड गंजतात, विजा पडून जळतात, मशीन सारखी दुरुस्तीला बाहेर जातात. डिस्क परक्या टेबलावर पडून असणं इथे वर्षात कधी ना कधी होतंच. सभासदांची आधार, बँक खाती, कर्जं त्या डिस्कवर आहेत. त्यामुळे शक्य तिथे हेही करा.

मात्र बिटलॉकर सुरू करण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कुठे जाते ते विचारा. मदरबोर्ड बदलला, किंवा मशीन दुरुस्तीच्या वाटेला गेलं, की तो ती मागतो, आणि ती नसेल तर माहिती गेली, ती मलाही काढून देता येणार नाही. नव्या लॅपटॉपवर तर कोणी न सांगता हे कुलूप लागलेलं असू शकतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तो पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात ती की जाऊन बसते. ते खातं पुष्कळदा क्लार्कचं स्वतःचं किंवा दुकानदाराने घाईत उघडलेलं असतं. म्हणजे संस्थेच्या दप्तराची किल्ली एका खाजगी ईमेलमध्ये. आज-उद्याच बघून घ्या. की छापून त्याच पाकिटात घाला. लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात, तेव्हा एक रोजचा क्लार्ककडे आणि दुसरा पाकिटात ठेवणं सोपं आहे. आणि बॅकअप वेगळा हवाच. कुठलाही पासवर्ड पुरात भिजलेली डिस्क परत आणत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. येत्या मासिक सभेत हा विषय घ्या आणि ठराव करा: संस्थेच्या प्रत्येक कॉम्प्युटरचा अॅडमिनिस्ट्रेटरचा व दुरुस्ती मोडचा पासवर्ड संस्थेच्या मालकीचा राहील, तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवला जाईल, दुरुस्तीहून मशीन परत आलं की आणि कर्मचारी किंवा पदाधिकारी बदलला की तो बदलला जाईल. मशीन पुरवणाऱ्याशी वार्षिक करार असेल तर त्यातही हे वाक्य घाला. पासवर्ड सांगायला जो दुरुस्तीवाला नकार देईल, त्याचं पुढचं बिल देण्याआधी पासवर्ड त्याच्याकडून लिहून घ्या. तुमच्या लेखापरीक्षकांनाही विनंती करा की रोख मोजतात तशी पाकिटाची तारीख एकदा पाहावी.

खर्च नगण्य आहे. जाणत्या माणसाचा अर्धा दिवस पुरतो, फक्त तेवढा वेळ मशीन मोकळं हवं आणि आधी बॅकअप घेतलेला हवा. बंदीचा पहिला पंधरवडा यासाठी सोयीचा आहे, पुढे ऑडिटची गर्दी होते. ज्या सोसायट्यांकडे हे करणारं कोणी नाही, त्यांनी मशीन कुठलं, विंडोज की लिनक्स, आणि कोणता दिवस मोकळा, एवढं कळवावं. मी येईन, आणि जाण्याआधी पाकीट तुमच्यासमोर बंद करून तुमच्या हातात देईन.

आपला नम्र,
राजापूर तालुक्यातला एक कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा